भुईमुगाच्या आधीचा कार्व्हर

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हटले की मराठी वाचकाला शेंगदाणा आठवतो. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आले आणि तेव्हापासून हा माणूस आपल्या शाळांच्या ग्रंथालयांत, वाढदिवसाच्या भेटींत आणि बक्षिसांच्या गठ्ठ्यांत घरच्यासारखा वावरतो आहे. शेंगदाण्यापासून तीनशे वस्तू करणारा शास्त्रज्ञ, ही त्याची ओळख पाठ झालेली आहे.

पण कार्व्हर यांनी लिहिलेली पहिली शेती-पुस्तिका भुईमुगावर नव्हती. ती १८९८ साली निघाली आणि तिचा विषय होता ओकच्या झाडाखाली पडणारी फळे. अलाबामा राज्यातल्या जंगलात ही कठीण सालीची फळे दर वर्षी ढिगांनी पडत आणि सडून जात. ती जनावरांना, विशेषतः डुकरांना खाऊ घातली तर काय होते, विकतच्या मक्याची किती बचत होते, एवढेच त्या पुस्तिकेत होते. आयोवाच्या कृषी महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी घेऊन आलेल्या, बुरशीशास्त्रात नाव कमावू लागलेल्या माणसाने लिहावे असे त्यात काय होते? जंगलात पडलेल्या फळांना पैसे पडत नाहीत, हे होते.

पुढच्या पंचेचाळीस वर्षांतल्या त्यांच्या कामाची किल्ली मला या पुस्तिकेत दिसते. ज्याच्या हातात रोख पैसा येतच नाही अशा शेतकऱ्याच्या घरात पोटभर आणि सकस अन्न कसे येईल, हा कार्व्हर यांचा खरा प्रश्न होता. भुईमूग हे त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक होते.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यातील डायमंड या वस्तीजवळ झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही, कारण गुलामांच्या मुलांच्या तारखा लिहिण्याची पद्धत नव्हती. त्याच्या आईला आणि त्याला लुटारूंनी पळवून नेले, मूल परत मिळाले आणि आई मिळाली नाही, ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. आरोग्याच्या सदरात सांगण्यासारखी गोष्ट पुढची. डांग्या खोकल्याने आणि सततच्या आजारपणाने हे पोर इतके अशक्त राहिले, की शेतातल्या जड कामाला त्याचा उपयोग नव्हता. मोझेस आणि सुझन कार्व्हर या मालक दांपत्याने त्याला घरात ठेवले. सुझनबाईंनी त्याला स्वयंपाक, धुणे, शिवण आणि परसबाग शिकवली. पुढे जगभर फिरलेल्या त्या पुस्तिकांत पाककृतींना जे स्थान मिळाले, ते या स्वयंपाकघरातून आले आहे. बाकीच्या कृषिशास्त्रज्ञांना पीक खळ्यावर आले की आपले काम संपले असे वाटे. कार्व्हर यांचे काम ते पीक चुलीवर चढेपर्यंत चाले.

शाळेसाठी तो गावोगाव भटकला. कधी कोणाच्या घरी स्वयंपाकी म्हणून राहिला, कधी धुलाईचे काम केले. कॅन्ससमधल्या फोर्ट स्कॉट गावी एका कृष्णवर्णीय माणसाला जमावाने ठार मारताना त्याने पाहिले आणि ते गाव सोडले. हायलँड येथील महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष तोंड पाहिल्यावर नाकारला.

यानंतरची दोन वर्षे चरित्रांत घाईने उरकली जातात. १८८६ मध्ये कार्व्हर यांनी पश्चिम कॅन्ससच्या नेस काउंटीत सरकारी योजनेतून जमीन कसायला घेतली. लाकूड नसलेला उघडा माळ. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चौकोनी ढेपा रचून त्यांनी घर बांधले, १७ एकर जमीन स्वतः फोडली, मका आणि भाज्या लावल्या, फळझाडे लावली. पाऊस बेभरवशाचा होता. १८८८ मध्ये त्यांनी तिथल्या बँकेतून ३०० डॉलरचे कर्ज काढले आणि शिक्षणासाठी ती जमीन सोडली. लहान शेतकऱ्याचे आयुष्य त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. पाण्याची वाट पाहणे आणि कर्जाच्या कागदावर सही करणे, दोन्ही त्यांनी केले होते.

आयोवात त्यांचे नशीब बदलले. सिम्पसन कॉलेजात ते चित्रकला शिकायला गेले. तिथल्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांचे वनस्पतींचे वेड पाहून त्यांना एम्स येथील कृषी महाविद्यालयात पाठवले. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी. त्या संस्थेतले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. वनस्पतिशास्त्रज्ञ लुई पॅमेल यांच्या हाताखाली त्यांनी पिकांवरच्या बुरशींचा अभ्यास केला. याच काळात एका सहकारी प्राध्यापकाच्या लहान मुलाला ते रानात फिरायला नेत आणि गवताची फुले ओळखायला शिकवत. तो मुलगा, हेन्री वॉलेस, पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला.

एम्समध्ये राहिले असते तर कार्व्हर बुरशीशास्त्रातले मोठे नाव झाले असते, असे मानायला जागा आहे. पण बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना टस्कीगीला बोलावले. पगार वर्षाला १,००० डॉलर. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते अलाबामात उतरले.

टस्कीगी हे गाव मेकन काउंटीत येते. तिथल्या शेतकऱ्याची अवस्था समजल्याशिवाय कार्व्हर यांचे काम कळत नाही, म्हणून इथे थोडे थांबू.

गुलामगिरी संपून तीस वर्षे झाली होती, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली होती. मुक्त झालेले बहुतेक लोक ती अर्धेलीने किंवा खंडाने कसत. बी, खेचर, अवजारे मालकाची. वर्षभराचे धान्य-किराणा दुकानदाराकडून उचल म्हणून. त्या उचलीला तारण काय, तर शेतात उभे राहणारे पीक. आणि तारण म्हणून दुकानदाराला एकच पीक चाले: कापूस. तो सडत नाही, खाता येत नाही आणि बाजारात हमखास विकला जातो. त्यामुळे कापूस दारापर्यंत लावायचा, मका आणि डुकराचे मांस दुकानातून उधार आणायचे, उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, वर व्याज. हंगाम संपला की हिशेब दुकानदाराच्या वहीत, वाचता न येणाऱ्या माणसापुढे. १८९० च्या दशकात कापसाचा भाव पौंडाला सात सेंटांच्याही खाली गेला. भाव पडला की बाकी फेडायला आणखी कापूस लावायचा, म्हणजे उरलीसुरली भाजीची जागाही जायची. वऱ्हाडातल्या वाचकाला यातले फारसे काही समजावून सांगायला नको.

जमीन दोन पिढ्या एकाच पिकाने पिळून निघालेली. उतारावरची माती पावसाने वाहून गेलेली, ओघळी पडलेल्या. आणि ताटात तीन गोष्टी: मक्याचे पीठ, खारवलेली डुकराची चरबी, काकवी. पोट भरत होते. शरीर मात्र भरत नव्हते.

कार्व्हर यांना मिळालेली साधनेही या मुलखाला शोभणारी होती. प्रयोगशाळा नव्हती, विद्यार्थ्यांना उकिरड्यांवर पाठवून त्यांनी फुटक्या बाटल्या, जुनी भांडी, बरण्यांची झाकणे, दिवे गोळा केले आणि त्यांतून ती उभी केली. १८९७ मध्ये राज्याने टस्कीगीला प्रयोग केंद्र मंजूर केले आणि त्याला वर्षाला १,५०० डॉलर दिले. त्या काळी गोऱ्यांच्या राज्य प्रयोग केंद्रांना केंद्र सरकारकडून मिळणारे वार्षिक अनुदान १५,००० डॉलर होते.

सुरुवातीला त्यांनी विकतची खते घालून पाहिली. उत्पन्न वाढले. पण ज्या शेतकऱ्यासाठी हे चालले होते, त्याच्यासाठी खताची गोणी म्हणजे उधारीच्या वहीतली आणखी एक ओळ, हे लवकरच त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी प्रश्न फिरवला: या माणसाच्या आवाक्यात फुकट काय काय आहे? जंगलातला पालापाचोळा. दलदलीतला काळा गाळ. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, परसातला कचरा. हिवाळ्यात कापसाचे काम नसते, तेव्हा रोज थोडा पाला आणि गाळ आणून थरावर थर रचायचे, वर जनावरांचे खत टाकायचे, पावसापासून आडोसा करायचा आणि वसंतात पेरणीपूर्वी शेतात पसरायचे. त्यांनी १९०५ मध्ये खराब झालेली जमीन पुन्हा कशी उभी करावी यावर एक पुस्तिका लिहिली, तिच्या मुळाशी हे खत आणि दुसरी एक गोष्ट होती.

ती म्हणजे चवळी. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतले नत्र जमिनीत आणतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८० च्या दशकात सिद्ध केले होते. म्हणजे कार्व्हर टस्कीगीला आले तेव्हा हे शास्त्र जेमतेम दहा वर्षांचे होते. आपल्याकडे शेतकरी कडधान्यानंतरच्या पिकाला बेवड चांगला लाभतो असे पूर्वापार म्हणत आले आहेत. त्या बेवडाचे कारण म्हणजे या गाठी. कार्व्हर यांनी कापसाच्या फेरपालटीत चवळी, मखमली शेंग, पुढे भुईमूग, आणि बरोबर रताळी यांचे प्रयोग लावले. १९०३ मध्ये त्यांची चवळीवरची पुस्तिका निघाली. चवळी निवडण्यामागचा विचार पाहा. बी स्वस्त, हलक्या जमिनीत येते, जमिनीला नत्र देते, वेल जनावर खाते आणि दाणा माणूस खातो. एका पिकात खत, चारा आणि डाळ. वाळलेल्या चवळीत शंभर ग्रॅममागे साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात. दुकानातल्या खारवलेल्या चरबीत प्रथिने जवळजवळ नसतातच.

पण गरिबाच्या बायकोला ती रांधायची कशी हे माहीत नसेल तर ती गोठ्यातच जाणार, हेही त्यांना कळत होते. म्हणून त्यांच्या पुस्तिकांचा वाचक तिहेरी होता: शेतकरी, गावचा शिक्षक आणि घरची बाई. पीक कसे लावावे हे आधी, त्यात कोणते शास्त्र आहे हे मध्ये, आणि मग पाककृती. अक्षरशत्रू शेतकऱ्याला ती शिक्षकाने वाचून दाखवावी अशी योजना. त्यांनी रताळ्यावर लिहिले, जंगली आलुबुखार वाळवण्यावर लिहिले, उन्हाळ्यात मांस खारवून टिकवण्यावर लिहिले. त्या दमट उष्ण मुलखात डिसेंबरात मारलेल्या डुकराचे मांस उन्हाळ्यापर्यंत टिकवता आले, तर दुकानातली एक उधारी टळत होती. १९११ मधली एक पुस्तिका तर शेतीची नाहीच. मेकन काउंटीत मिळणाऱ्या पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या मातीपासून घर रंगवायचे रंग कसे करावेत, हे तिच्यात आहे. शाडू आणि गेरू वापरणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटणार नाही.

भुईमुगाची प्रसिद्ध पुस्तिका आली १९१६ मध्ये, म्हणजे कार्व्हर यांच्या टस्कीगीतल्या विसाव्या वर्षी. तिचे नाव भुईमूग कसा पिकवावा आणि माणसाच्या खाण्यासाठी तो १०५ प्रकारे कसा करावा, असे होते. माणसाच्या खाण्यासाठी, हे शब्द नावातच आहेत.

आता या सगळ्याला जोडणाऱ्या एका आजाराकडे येऊ. १९०६ मध्ये अलाबामातल्याच माउंट व्हर्नन येथील कृष्णवर्णीय मनोरुग्णांच्या रुग्णालयात एक विचित्र साथ आली. उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे, जुलाब, मग भ्रम. निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले. तो पेलाग्रा होता. युरोपात मका खाणाऱ्या गरिबांत तो दीड-दोनशे वर्षे माहीत होता. अमेरिकेच्या दक्षिणेत तो पुढे गावोगाव दिसू लागला. डॉक्टर मंडळी जंतू शोधत बसली. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी अनाथालये, तुरुंग, गिरणी-वस्त्या पालथ्या घालून दाखवले की हा संसर्ग नाही, ताटातला दोष आहे. दूध, अंडी, मांस, शेंगवर्गीय दाणे दिले की तो बरा होतो. नेमके जीवनसत्त्व, नायसिन, १९३७ मध्ये कळले. मक्यात नायसिन असते, पण बांधलेल्या स्वरूपात, आतड्याला न मिळणारे. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ते मोकळे करून घेत. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरिबांच्या मक्याच्या पिठाला ही रीत लागत नव्हती. आपल्या दख्खनलाही हा आजार नवा नाही. फक्त ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतला पेलाग्रा हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास अभ्यासला होता.

शंभर ग्रॅम कच्च्या शेंगदाण्यात सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. प्रौढ माणसाची नायसिनची रोजची गरज १४ ते १६ मिलिग्रॅम. म्हणजे मका, चरबी, काकवी या ताटात मूठ-दोन मुठी शेंगदाणे किंवा वाटीभर चवळी पडली, तर पेलाग्राची वाट बरीचशी बंद होते. कार्व्हर यांना जीवनसत्त्वाचे नाव माहीत नव्हते. त्यांनी ताटात जे कमी दिसले ते शेतात लावायला सांगितले.

इथे एक सावधगिरी. दक्षिणेतला पेलाग्रा कार्व्हर यांनी घालवला, असे कोणी लिहिले तर ते खरे नाही. तो मोठ्या प्रमाणावर गेला तो यीस्टचे वाटप, १९४० च्या दशकातली जीवनसत्त्वयुक्त पिठे आणि वाढलेली मिळकत यांमुळे. पण एक मजेशीर पुरावा अलीकडे पुढे आला. कापसाची बोंडे पोखरणारा मेक्सिकन सोंडकिडा टेक्सासमधून निघून १९१० च्या आसपास अलाबामात पोचला आणि पुढे पूर्वेकडे सरकला. २०१९ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी जुन्या मृत्युनोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की जिथे हा किडा आला आणि कापूस बुडाला, तिथे पेलाग्राचे मृत्यू घटले. कारण शेतात नाइलाजाने खाण्याची पिके आली. शेतकऱ्यांना कार्व्हर दहा-बारा वर्षे जे सांगत होते, ते किड्याने एका हंगामात करून घेतले. अलाबामातल्या एंटरप्राइझ गावाने १९१९ मध्ये या किड्याचे चक्क स्मारक उभारले, कारण त्याच्यामुळे त्यांनी भुईमूग लावला आणि ते सावरले.

पुस्तिका वाचायला येणारा शेतकरी थोडा, टस्कीगीच्या मासिक मेळाव्याला येऊ शकणारा त्याहून थोडा. म्हणून १९०६ मध्ये शाळाच त्याच्याकडे निघाली. न्यूयॉर्कचे बँकर मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, गाडीचा आराखडा कार्व्हर यांनी केला. खेचरांनी ओढायची ती गाडी होती; तिच्यात नांगर, कुळव, लोणी काढायची रवी, दुधाची तपासणी करायचे साधन, बियाणे, खतांचे नमुने. गाडी एखाद्याच्या शेतावर थांबायची, शेजारपाजारचे जमायचे आणि त्याच शेतात, त्याच्याच जनावराने काम करून दाखवायचे. भाषण कमी, हात जास्त. तिच्यावर नेमलेले टॉमस कॅम्बेल हे टस्कीगीचेच विद्यार्थी. अमेरिकेच्या कृषी खात्याने नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय शेती-प्रसारक. पुढे गाडीच्या जागी मोटार-ट्रक आला आणि त्यात शेती-प्रसारकाबरोबर गृहशास्त्राची शिक्षिका आणि एक परिचारिकाही बसू लागली. शेत, चूल आणि दवाखाना एकाच गाडीतून दारात. आज आपल्याकडे कृषी विभाग, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्र यांची एकत्र बैठक लावायची तर किती पत्रे लिहावी लागतात, हे ज्यांनी लिहिली आहेत त्यांना विचारावे.

या कामाला एक भिंत मात्र आडवी होती आणि ती पुस्तिकांनी पडणारी नव्हती. अर्धेलीने कसणाऱ्याने दोन वर्षे पाला-गाळ घालून जमीन सुधारली, तर सुधारलेली जमीन मालकाची. खंड वाढवून मागायला मालक मोकळा, किंवा पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यायला. चवळीसाठी जागा काढायची तर तारण घेतलेल्या दुकानदाराची परवानगी हवी. कार्व्हर शेतकऱ्याला बचत करून स्वतःची जमीन घ्या असे सांगत राहिले, काहींनी घेतलीही. पण मालकी, मतदानाचा हक्क, दुकानदाराची वही यांवर त्यांनी जाहीरपणे तोंड उघडले नाही. फोर्ट स्कॉटला जे पाहिले ते विसरणे शक्य नव्हते, आणि टस्कीगी ही संस्था गोऱ्या देणगीदारांवर उभी होती. त्यांच्या मौनाचा दोष मी त्यांना देऊ धजत नाही. पण त्याची किंमत शेतकऱ्यांनी दिली हेही खरे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिण सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघून गेली. आणि १९३२ पासून याच मेकन काउंटीतल्या सुमारे सहाशे गरीब पुरुषांवर सरकारी आरोग्य सेवेने उपदंशाचा तो कुप्रसिद्ध अभ्यास चाळीस वर्षे चालवला, उपचार न देता. कार्व्हर यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यांनी ज्या दारांत चवळी नेली, त्याच दारांत हाही शास्त्राच्या नावानेच गेला.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते. बुकर वॉशिंग्टन त्यांच्याकडून कोंबड्यांच्या खुराड्यापासून हिशेबाच्या वह्यांपर्यंत सगळे अपेक्षित करत. कार्व्हर चिडत, राजीनाम्याची पत्रे लिहीत. व्यवस्थापनात ते कच्चे होते यात शंका नाही. शेवटी शेती विभागाचे प्रमुखपद गेले आणि संशोधनाला मोकळीक मिळाली. १९१५ मध्ये वॉशिंग्टन वारले. १९२१ मध्ये भुईमूग उत्पादकांच्या वतीने कार्व्हर आयातकराच्या प्रश्नावर संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. दहा मिनिटे मिळाली होती, सदस्यांनी वेळ वाढवत नेला. तिथून ते देशभर शेंगदाण्याचे जादूगार झाले.

या जादूचा ताळा मात्र बेताने करावा लागतो. तीनशे वस्तूंपैकी पुष्कळशा पाककृती किंवा एकाच वस्तूचे प्रकार होते. बहुतेकांची कृती त्यांनी लिहून ठेवली नाही, पेटंट तीनच घेतली, बाजारात टिकले जवळजवळ काहीच नाही. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधलेले नाही. १९३० च्या दशकात पोलिओग्रस्त मुलांना ते शेंगदाणा तेलाने मालिश करत. काहींना आराम पडला, बातमी छापून आली आणि टस्कीगीला आजारी मुलांच्या पालकांची रीघ लागली. फायदा झाला तो मालिश आणि व्यायामाचा; तेलात पोलिओवरचे औषध नव्हते. ज्यांना कार्व्हर प्रिय आहेत त्यांनी या गोष्टी लपवू नयेत. त्यांच्या खऱ्या कामाला त्यांनी काही उणेपणा येत नाही, उलट ते काम शेंगदाण्याच्या फोलपटांखालून वर येते.

भारताशीही त्यांचा धागा जुळला. १९२९ मध्ये गांधीजींचे स्नेही चार्ल्स अँड्र्यूज टस्कीगीला जाऊन आले. त्यांच्यामार्फत कार्व्हर यांचा आहारविषयक सल्ला आणि पुस्तिका गांधीजींपर्यंत गेल्या आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. शेंगदाणा, सोयाबीन, हातसडीचे धान्य, पालेभाज्या यांवर गांधीजी त्या काळात स्वतःवरच प्रयोग करत होते. गरिबाला परवडणारे पूर्ण अन्न कोणते, हा दोघांचाही प्रश्न.

पगारवाढ त्यांनी कधी मागितली नाही. पगाराचे धनादेश वटवायचे विसरून खणात पडून राहत. साठवलेले सुमारे ६०,००० डॉलर त्यांनी संशोधनासाठी काढलेल्या प्रतिष्ठानाला देऊन टाकले. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीतच त्यांचे निधन झाले आणि ज्यांच्याशी इतकी वर्षे खटके उडाले त्या बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.

त्याच्या आदल्या वर्षी, महायुद्धात अन्नटंचाईची चिन्हे असताना, त्यांनी आणखी एक पुस्तिका काढली. विषय होता रानभाज्या. कुठल्याही बांधावर, पडीक वावरात आपोआप उगवणाऱ्या आणि लोक तण म्हणून उपटून फेकतात अशा खाण्याजोग्या वनस्पती, आणि त्या कशा रांधाव्यात. तिच्यात डँडेलियन आहे, आणि आपल्याकडे रब्बीच्या शेतात उगवणारा, ताकात शिजवायचा चाकवतही आहे.